चिरंजीव पाखरू

सरुबाईला हौशीराम कधीच आवडला नव्हता, आणि त्याबद्दल तिला कधी अपराधीही वाटलं नव्हतं. एरवी कुणाविषयी मनात वाकडं आलं तर ती लगेच गालावर मारून घ्यायची. हौशीरामाच्या बाबतीत मात्र तिचा हात गालापर्यंत जायचाच नाही.

हौशीरामानं आयुष्यात बरंच काही करून पाहिलं होतं. म्हणजे सुरू करून पाहिलं होतं. लोणावळ्याच्या फलाटावर चिक्की विकली. ती पावसाळी हवेनं मऊ पडली, तर दोष गाडीतल्या लोकांच्या दातांना दिला. कार्ल्याच्या लेण्यांवर पाहुण्यांना वाट दाखवायला गेला, तिथं हा खांब भीमानं रोवला नि ती कमान हिडिंबेनं कोरली असलं काहीबाही सांगत सुटला आणि एका शाळामास्तराच्या हातचा मार खाऊन खाली उतरला. पुढं देवकुरणच्या मारुतीचा म्हातारा गुरव वारला, गुरवाचा मुलगा चाकरीसाठी पिंपरीकडं निघून गेला, तेव्हा हौशीराम देवळात झोपायला लागला. दोन पावसाळे जो देवळात झोपतो त्याला लोक आपोआप पुजारी म्हणायला लागतात. झोपेपलीकडं त्याला वेगळं काही करावं लागत नाही.

सरुबाईचं त्या देवळाशी नातं शनिवारचं होतं. काही वर्षांमागं तिचा नवरा महिपती विषमज्वरानं अंथरुणाला खिळला होता. डॉक्टरनं मान हलवली तेव्हा सरुबाई भिजत मारुतीपुढं गेली आणि म्हणाली, “हा माणूस उठून बसू दे. मी जिती हाय तोवर दर शनिवारी माझ्या हातानं खुडलेल्या रुईची माळ तुला घालीन. माझ्या अडचणीचे शनिवार तेवढे तू धरू नकोस, बाकी एक चुकायचा न्हाई.” माणूस उठून बसला. बसला तो आधीपेक्षा जास्त बडबडायलाही लागला. पण नवसात त्याबद्दल काही बोलणं झालेलं नव्हतं.

माळेचे नियम सरुबाईनं स्वतःच घालून घेतले होते. पानं अकरा. अखंड, किडीनं न खाल्लेली. शुक्रवारी दिवेलागणीच्या आधी खुडायची, शनिवारी उपाशीपोटी वाहायची. घातलेली माळ पुढच्या शनिवारपर्यंत देवाच्या गळ्यात राहायची.

मळवलीकडचा पाऊस असा, की रुईची मुळं कुजून जातात. देवकुरणात ती कुठं धड तग धरायची नाही. सरुबाईच्या शेताच्या वरच्या बांधाला मात्र मुरमाचा उंचवटा होता, पाणी ठरायचं नाही. तिथं रुईची एक जाळी ऐसपैस वाढली होती. पाऊस उघडीप द्यायला लागला की त्या जाळीवर अळ्या यायच्या. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या, अंगावर काळी शिंगं मिरवणाऱ्या, दिवसभर पान कुरतडण्यापलीकडं दुसरा उद्योग नसलेल्या. खाऊन खाऊन फुगली की अळी पानाच्या पाठीला उलटी लटकायची, तिचा कोश व्हायचा, कानातल्या लोलकासारखा हिरवा. आणि काही दिवसांनी त्यातून शेंदरी फुलपाखरू बाहेर पडून पंख वाळवत बसायचं. देवकुरणातल्या एकूण एक माणसानं हे लहानपणी बघितलेलं होतं. गुरं राखताना दुसरं बघायला होतं तरी काय? पोरांनी ते कोश काड्यापेटीत घालून ठेवले होते, पोरींनी कानाला चिकटवून मिरवले होते. तेव्हा पुढं जे झालं ते अज्ञानातून झालं असं म्हणायलासुद्धा जागा नाही.

पानशेत फुटलं त्याच्या पुढच्या सालचा भाद्रपद होता. एका शुक्रवारी अंधारून आलं म्हणून सरुबाईनं घाईघाईत पानं खुडली, नि एका पानाच्या पाठीला लटकलेला कोश तिच्या नजरेतून सुटला. माळ शनिवारी मारुतीच्या गळ्यात पडली. पुढच्या गुरुवारी सकाळी ती दारात सडा घालत होती, तेव्हा शेजारची अंबूमावशी पदर सावरत धापा टाकत आली.

“सरू, टाक ती बादली! तुझ्या माळंतनं देव उडाला!”

“कोण उडाला?”

“मारुतीच्या छातीवर पाखरू बसलंय. शेंदराचं. शेंदरातनंच निघालंय म्हंत्यात. हौशीराम तितं लोळण घेतोय नुसता.”

सरुबाई हात न पुसताच गेली. देवळात अर्धं गाव जमलं होतं. मारुतीच्या छातीवर, माळेच्या खालच्या पानापाशी, नुकतंच निघालेलं फुलपाखरू ओले पंख हळूहळू उघडत-मिटत बसलं होतं. रंग अगदी शेंदराचा. मागं पानाला कोशाचं रिकामं टरफल चिकटलेलं होतं, पापुद्र्यासारखं. ते सगळ्यांना दिसत होतं. कुणीही बघत नव्हतं.

हौशीराम खरोखरच लोळत होता. लोळून झाल्यावर तो उठला, अंगाला लागलेली धूळ त्यानं मुद्दाम झटकली नाही, आणि घसा बसलेला असावा अशा आवाजात म्हणाला, “मारुती म्हंजे कोन? सप्त चिरंजीवांतला चिरंजीव! त्याच्या छातीतनं निगालेलं पाखरू. ह्याला मरान न्हाई! म्या काल सपनात बघितलंय.”

“काल तर तू मळवलीला तमाशाला गेलतास,” मागून कुणीतरी म्हणालं. पण हसलं कुणीच नाही.

सरुबाई पुढं झाली. तिचा आवाज जात्याच हळू, गर्दीत तर ऐकूच यायचा नाही, तरी ती स्पष्ट म्हणाली, “अवो, रुईवरच्या अळीचं फुलपाखरू हाय ते. माझ्याच माळंत कोश आला. माजी चूक झाली. हे बघा टरफल.”

लोकांनी टरफल बघितलं. मान डोलावली. कुणी म्हणालं, “व्हय, अळीचंच असतंय.” आणि लगेच, जणू त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंधच नाही अशा थाटात, सगळे हात जोडून उभे राहिले.

हौशीरामानं तिच्या पायावर डोकं ठेवलं. “वैनी, तुमच्या माळंला देवानं निवडलं. तुमी भाग्याच्या.”

सरुबाईनं पाय मागं घेतले. शेणात पडल्यावर घ्यावेत तसे.

फुलपाखरू उडून गेलं असतं तर गोष्ट तिथंच संपती. पण हौशीरामानं ते ओंजळीत पकडलं, कंदिलाच्या काचेत घातलं आणि वरून फडकं बांधलं. दोन दिवसांत लोणावळ्याच्या एका बंद पडलेल्या चिक्कीच्या दुकानातून काचेची पेटी आली. तिच्या एका बाजूला अजून ‘शेंगदाणा, काजू, तीळ’ अशी अक्षरं होती. त्यांवर शेंदूर फासला. आत फांदी, साखरपाण्यात भिजवलेला कापूस, आणि एक पेढा. फुलपाखरानं पेढ्याचं काय करायचं हे कुणी विचारलं नाही. तो पेढा रोज सकाळी हौशीराम प्रसाद म्हणून खायचा आणि नवा ठेवायचा.

आणि लोक येऊ लागले. आधी आजूबाजूच्या वाड्यांतून, मग वडगाव-तळेगावकडून, मग तुंगार्लीच्या बंगल्यांतून मोटारी. चिखलात चाकं रुतायची, गावातली जवान पोरं ती ढकलायची आणि धन्य व्हायची. मंडळ निघालं, ‘चिरंजीव पाखरू सेवा मंडळ’. त्याचा अध्यक्ष कोण, तर महिपती.

सरुबाईला याचं सगळ्यात जास्त नवल वाटलं, आणि नवल ओसरल्यावर जे उरलं ते नवलापेक्षा वाईट होतं. महिपती देहूरोडच्या डेपोत पेट्या मोजायला होता. जन्मभर दुसऱ्यानं सांगितलेल्या पेट्या मोजलेला माणूस अध्यक्ष झाल्यावर कसा होतो, ते तिनं घरातल्या घरात पाहिलं. तो पाटावर बसेना, खुर्ची मागू लागला. कामावरून आला की सदऱ्याच्या खिशाला बिल्ला लावून देवळात जाऊन उभा राही. झोपेतसुद्धा ‘रांगेनं, रांगेनं’ म्हणे.

“आपल्या बांधावरची रुई ती,” तो जेवताना म्हणायचा. “आपल्या घराण्याचं पुण्य.”

“रुई कुणी लावली न्हाई. आपली आपुन उगवलीया,” सरुबाई म्हणायची.

“तुला कळत न्हाई. हे मोठं हाय.”

पहिलं फुलपाखरू डावीकडं जरा फाटकं होतं. पकडताना हौशीरामाच्याच बोटांनी पंखाची कड गेली होती. एका शनिवारी सरुबाई माळ घेऊन गेली तेव्हा पेटीतल्या फुलपाखराचे दोन्ही पंख अखंड होते, कोरे करकरीत. ती बघत राहिली. तेवढ्यात हौशीरामानं घंटा वाजवली.

“बघा, बघा मंडळी! देवाच्या पाखराला नवा पंख फुटला!”

बायकांनी पदर पसरले. एका म्हाताऱ्यानं तर आपला मोडका हात पेटीला लावून घेतला. अंबूमावशी सरुबाईच्या कानाशी लागली, “का गं, माझ्या दातांचं काय हुतंय का विचारू? फुटत्याल का नवं?”

“गप ऱ्हा मावशी.”

“गपच हाय की. म्हनून तर इचारत न्हाई.”

त्याच दिवशी परतताना दोघी देवळामागं हौशीरामानं नव्यानं घातलेल्या खोपटामागून गेल्या. उकिरड्यावर त्याच्या कोंबड्या भांडत होत्या. त्यातली एक चोचीत काहीतरी केशरी धरून पळत होती आणि बाकीच्या तिच्या मागं. कोंबडीनं ते टाकलं तेव्हा अंबूमावशीनं काठीनं उलटवून पाहिलं. पंख होता. डाव्या बाजूचा, कडेला फाटलेला.

“चिरंजीव,” अंबूमावशी म्हणाली, आणि थुंकली.

सरुबाई थुंकली नाही. पण त्या दिवशी तिनं ठरवलं, की देवळात जायचं ते मारुतीकडं बघायचं, पेटीकडं डोळा वळवायचा नाही. माणसं काचेला कपाळ टेकतात तर टेकू देत. दगडातल्या देवाला पाठ दाखवून किड्यापुढं वाकणाऱ्यांच्या वाटेला आपण जायचं नाही. फक्त आपला शनिवार सांभाळायचा. तेवढं एक कुणाच्या हातात नाही, असं तिला वाटत होतं.

नवरात्राच्या आधीच्या आठवड्यात डोंगरातल्या ठाकरवाडीचा सावळा तिला बांधावर भेटला. खांद्यावर कोयता, हातात पळसाच्या पानाचा द्रोण. द्रोणात अळ्या वळवळत होत्या.

“सावळ्या, हे रं काय?”

“हौशीरामभाऊला पायजेत. तंबाखू देतो.” सावळा जरा लाजला. “आमी असल्याला हात बी लावत न्हाई बाय, खायाच्या बी न्हाईत नि ओखदाच्या बी न्हाईत. पर तो म्हंतो आन, तर आनतो. खाली पवनेकडची रुई ह्यांनी खाऊन संपिवली, तितनं येचल्या. हितं झाडावर सोडाया सांगितल्यात.”

“माझ्या झाडावर?”

“तुमचा मालकच म्हनला की.”

सावळ्यानं द्रोण जाळीवर उपडा केला. सरुबाईनं पाहिलं तर पानापानाला अळ्या. एकेका पानावर एरवी एखादी सापडायची तिथं आता गर्दी. हौशीरामाचा हिशेब सरळ होता. फुलपाखरू काही दिवसांचा सोबती. एक मेलं की दुसरं तयार हवं. दुसरं हवं तर कोश हवा, कोश हवा तर अळी हवी. जितक्या अळ्या जास्त तितका चिरंजीव जास्त. फक्त अळी काय खाते आणि किती खाते, एवढाच विचार त्याच्या डोक्यात शिरला नव्हता. चिक्की विकतानाही त्याला पाऊस लक्षात आला नव्हता, त्यातलाच प्रकार.

शुक्रवारी दुपारी ती पानं खुडायला गेली, तर जाळीभोवती काटेरी तार. चार खांब, तारेचे तीन पदर आणि वर पाटी: ‘देवाची रुई. हात लावू नये. हुकुमावरून, अध्यक्ष.’

सरुबाई तारेपाशी उभी राहिली. तिनं आतल्या जाळीकडं पाहिलं. पान असं नव्हतंच. देठ होते, शिरा होत्या, कुठं कुठं अर्धी चावलेली फाटकी टोकं; आणि त्यांवर उपाशी अळ्या खालीवर फिरत होत्या. ज्यांचं कोश करायचं वय झालं नव्हतं त्या मातीत उतरून मरून पडल्या होत्या, मुंग्या त्यांना ओढून नेत होत्या. तार घातली नसती तरी आज तिला एक अखंड पान मिळालं नसतं.

महिपती त्या दिवशी रजेवर होता. उद्या तुंगार्लीची शेठाणी दर्शनाला यायची होती, देवळाला फरशी देते म्हणाली होती. सरुबाईनं त्याला ओसरीवर गाठलं. तो बिल्ला पुसत होता.

“तार तुमी घातली?”

“मंडळानं घातली.”

“मंडळ म्हंजे कोन?”

“म्हंजे… मीच. पर ठराव झालाय.”

“उद्या शनिवार हाय.”

“मग?”

‘मग’ हा शब्द सरुबाईनं ऐकला. हा माणूस अंथरुणात बरळत होता तेव्हा रात्र रात्र त्याच्या तोंडात चमच्यानं पाणी घालताना तिचे हात भरून आले होते. ते हात तिला आठवले, आणि त्यांची दया आली.

“माळ घालायची हाय,” ती म्हणाली.

“एक शनिवार ऱ्हायला तर काय हुतंय? फुलांची घाल. देव काय मोजतोय व्हय? आनि आता तर देव परत्यक्ष पाखराच्या रूपात—”

“तुमचं नाव घेऊन नवस केलता मी.”

“मला ठाव हाय गं. पर तवा गोष्ट येगळी होती. तवा मी साधा मानूस होतो.”

तो हे थट्टेनं म्हणत नव्हता. सरुबाईनं त्याच्या तोंडाकडं नीट पाहून खात्री करून घेतली. मग ती आत गेली, पिशवीत लुगडं घातलं, चुलीवर त्याची भाकरी झाकून ठेवली आणि बाहेर आली.

“कुटं निगालीस?”

“उर्स्याला. भावाकडं.”

“आत्ता? उद्या शेठाणी येनार, घरात च्या कोन करनार?”

“अध्यक्षांनी करावा,” ती म्हणाली, इतक्या हळू की महिपतीला वाटलं, होकारच दिला.

मळवलीहून गाडीनं तळेगाव आणि तिथून पायी उर्से. तिकडं पाऊस बेतानं, माळ उघडा, रुई वाटेच्या कडेनं कुणी विचारत नाही अशी वाढलेली. ती पोचली तेव्हा ऊन कलत होतं. भाऊ बाजीराव गोठ्यात होता. बहिणीला बघून आधी घाबरला.

“आक्का, काय झालं? भावजी बरं हायत न्हवं?”

“बरं हायत. लय बरं हायत. रुई कुटं हाय तुझ्याकडं?”

दिवेलागणीच्या आधी तिनं अकरा पानं खुडली. या वेळी प्रत्येक पान उलटंपालटं करून, डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. पदराखाली ओल्या फडक्यात गुंडाळली. शनिवारी पहाटेच्या गाडीनं ती निघाली आणि मळवलीला उतरून, उपाशीपोटी, तडक देवळात गेली.

देवळापुढं दोन मोटारी होत्या. गाव नटलं होतं. हौशीराम मात्र पाराच्या मागं उभा होता आणि त्याच्या तोंडावरचं तेज पार उतरलं होतं. सरुबाईला बघताच तो लगबगीनं आला. त्याची नजर तिच्या हातातल्या माळेवर होती.

“वैनी, देव पावला! कुटनं आनली?”

“सरक.”

“वैनी, आईकून घ्या. मागं खोपटात चार अळ्या ऱ्हायल्यात, बाकी समद्या मेल्या. खायाला कायबी न्हाई. आन पेटीतलं पाखरू…” त्यानं आवाज आणखी खाली घेतला. “त्याचं आता काय खरं न्हाई. पंख झडल्यात. चार दिस उपाशी अळ्यांना ही पानं घातली तर दसऱ्यापातूर नवं पाखरू हुतंय. द्या की. देवाचंच काम हाय.”

“देवाचं काम देवापाशी घेऊन चाललीया मी.”

“अकरा पानं तर हायत, वैनी! त्या दगडाला काय, सुकली तरी कळत न्हाई!”

हे त्याच्या तोंडून निसटलं आणि त्यालाच कळलं. त्यानं इकडंतिकडं पाहिलं. कुणी ऐकलं नव्हतं. सरुबाईनं ऐकलं होतं. इतके दिवस ती ज्याला तुच्छ मानत होती त्याचा तळ तिला आत्ता दिसला, आणि तो तिला वाटला होता त्याहूनही उथळ होता. देवाला फसवायलासुद्धा देवावर थोडा विश्वास लागतो. याच्याकडं तेवढाही नव्हता.

ती आत गेली. रांग बाजूला सारावी लागली नाही. रांग पेटीपुढं होती, मारुतीपुढं कुणीच नव्हतं. गेल्या शनिवारची वाळकी माळ तिनं उतरवली, नवी घातली, तेल वाहिलं आणि तिथंच भिंतीला पाठ न टेकता मांडी घालून बसली. रामनाम सुरू केलं. ती उठून गेली की हौशीराम माळ उतरवून खोपटात नेणार, हे तिला माहीत होतं. म्हणून ती उठणार नव्हती. दुपार झाली तरी नाही, दिवेलागण झाली तरी नाही.

महिपती शेठाणीला घेऊन आला. जाडसर, घामेजलेली, बरी बाई होती. ती आधी चुकून मारुतीकडंच वळली; महिपतीनं तिला अदबीनं पेटीकडं वळवलं. हौशीरामानं चिरंजीवपणाचं वर्णन केलं, नव्या पंखाची कथा सांगितली. शेठाणीनं चष्मा लावून काचेला नाक टेकवलं.

फांदीवर फुलपाखरू बसलेलं नव्हतं. ते खाली, पेढ्याच्या शेजारी होतं. रंग उडालेला, एका पंखाच्या चिंध्या झालेल्या. त्यानं एकदा पाय हलवले, कुशीवर कललं आणि राहिलं. मुंगी आधीपासूनच पेढ्यावर होती. ती वळून त्याच्याकडं निघाली.

“हे हलत का नाही?” शेठाणी म्हणाली.

महिपती बिल्ला सरळ करू लागला. शेठाणीनं मान वळवून जवळ बसलेल्या एकाच बाईला विचारलं, “बाई, मेलं का हो ते?”

सरुबाईनं जप थांबवला. “व्हय, मेलं,” ती म्हणाली. “मरतंयच ते. त्याची तेवडीच उमर असतीया. आधी अंडं, मग अळी, मग कोश, मग फुलपाखरू, आन थोडं दिस उडलं की झालं. आधीचं बी असंच मेलं. ही पेटी नसती तर जरा उनात तरी मेलं असतं.”

पुढची माणसं पेटीपासून जरा मागं सरली. सरुबाईला वाटलं, आता कळलं. आता कुणी तरी खाली बघेल, कुणाला तरी लाज वाटेल. क्षणभर तिला त्या माणसांची कणव आली.

“समाधी!” हौशीराम ओरडला. “समाधी घेतली देवानं! शेठाणीबाईंची वाट बघत थांबला होता! दर्शन दिलं नि समाधी घेतली!”

आणि सगळं देऊळ ढवळून निघालं. बायका हुंदके देऊ लागल्या. मोडक्या हाताचा म्हातारा पायरीवर कपाळ आपटू लागला. शेठाणीनं चष्मा काढून डोळे टिपले आणि म्हणाली, फरशीच्या ऐवजी समाधीचा चौथरा बांधू, पांढऱ्या दगडाचा. ज्याला मरण नाही असं महिनाभर सांगितलं त्याला आता मेल्याबद्दल हे लोक चौथरा बांधणार होते, आणि त्यात काही जुळत नाही हे एकाच्याही ध्यानात येत नव्हतं. सरुबाईनं महिपतीकडं पाहिलं. तो रडत होता. खरे, मोठे अश्रू. बिल्ल्यावर पडत होते. विषमज्वरातून उठून बसला तेव्हाही हा असा रडला नव्हता.

सरुबाईची कणव गेली, ती परत आली नाही. तिनं डोळे मिटले आणि जप पुढं सुरू केला.

माळेकडं नंतर कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. खोपटातल्या अळ्या त्याच संध्याकाळी कोंबड्यांपुढं पडल्या. आता त्यांची कुणाला गरज उरली नव्हती. दिवेलागणीला सरुबाई उठली, घरी येऊन तिनं उपास सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बांधावर गवत कापत होती. महिपती आणि मंडळाची दोन माणसं खांब उपटत होती. तारेचं भेंडोळं महिपतीच्या खांद्यावर होतं, सदरा फाटला होता.

“तार काढली?” तिनं विचारलं.

“समाधीला पायजे. तितं लोक लय गर्दी कराय लागलेत, माती सुदिक घेऊन जात्यात कपाळाला.” तो दम खायला थांबला. “झाड आता तुझं तुला मोकळं.”

“पालवी फुटायला महिना लागंल. तवर उर्स्याला जाईन मी शुक्रवारचं.”

“दर शुक्रवारी?”

“व्हय.”

महिपतीनं यावर वाद घातला नाही. त्याचं मन दुसरीकडं होतं. “बरं, आईक. येत्या शनिवारी चौथऱ्याचा पहिला दगड हाय. तुझ्या माळंतनं पाखरू निगालं म्हनून पहिला नारळ तुझ्या हातनं, असा ठराव झालाय. शेठाणी म्हनली, त्या हळू बोलनाऱ्या बाईंनाच बोलवा. चांगलं लुगडं नेस.”

सरुबाईनं कापलेल्या गवताची पेंढी बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि पेंढी डोक्यावर घेतली.

“शनिवारी मला काम हाय,” ती म्हणाली.